पाठीच्या मधोमध दुखतंय? फिजिओथेरपीने काय होतं, आणि दवाखान्यात लगेच कधी जायचं

सध्या कपाशीची फवारणी जोरात आहे. संध्याकाळी पारावर बसलं की चारातले दोघं तरी पाठीवर हात ठेवून बसलेले असतात. मान नाही, कंबर नाही, दोन्हीच्या मधली पाठ. कुणी म्हणतं उसण भरली, कुणी म्हणतं वात आहे. मेडिकलवरून गोळी आणायची, बाम चोळायचा आणि सकाळी पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा.

मीही दोन हंगाम हेच केलं. पाठ तशीच राहिली, पोटात मात्र जळजळ सुरू झाली. शेवटी फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथल्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, दिवसाला किती पंप मारता?" मी म्हटलं, पंधरा. त्या हसल्या, "मग पाठ का दुखते ते तुम्हीच सांगितलंत की!"

ही पाठ कोणती?

आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. पाठीच्या १२ मणक्यांना दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे हा भाग मजबूत असतो, कमरेइतका वाकत नाही. म्हणूनच गादी सरकण्याचा त्रास इथे कमरेपेक्षा कमी दिसतो. बहुतेक वेळा दुखणं असतं ते स्नायूंचं आणि बरगड्या जिथे मणक्याला जुळतात त्या सांध्यांचं. त्यामुळेच खोकलं, शिंकलं किंवा खोल श्वास घेतला की चमक निघते.

कशामुळे होतं?

१६ लिटरचा पंप भरला की नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो, वर पंप आणि बॅटरीचं वेगळं. ते वजन पाठीवर, आणि एक हात सारखा नळी फिरवत असतो. कांदा लागवड, खुरपणी, कापूस वेचणी यात बाया तासन् तास पुढे वाकून असतात. युरियाची गोणी ४५ किलोची, ती अंग पिळून उचलली की लचक भरते. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल आणि रात्री मान घालून मोबाईल, याचीही भर पडते.

झोपून राहू नका

पाठ दुखली की आठ दिवस खाटेवर पडायचं, असं आपल्याकडे सांगतात. एक-दोन दिवस जड काम टाळणं ठीक आहे. पण पडून राहिलं की स्नायू आखडतात आणि दुखणं लांबतं. झेपेल तेवढं चालत-फिरत राहावं. शेक घ्यायला हरकत नाही. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. त्यांनी पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडाला इजा होते.

फिजिओथेरपिस्ट काय करतात?

आधी ते काम काय करता, कधी दुखतं हे विचारतात. वाकायला, वळायला लावून कुठे अडतं ते बघतात. मग आखडलेले स्नायू आणि सांधे हाताने मोकळे करतात. गरज वाटली तर शेक किंवा करंटची मशीन लावतात. मशीनने तात्पुरतं बरं वाटतं, पण खरं औषध म्हणजे व्यायाम. अनेक जण दोन दिवस मशीन लावून घेतात आणि व्यायाम सोडतात. मग दुखणं परत येतं. मला फरक जाणवायला तीन आठवडे लागले, पूर्ण मोकळं व्हायला दीड महिना.

घरी करायचे चार व्यायाम

सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी १० वेळा, सावकाश.

१. ताठ बसा. दोन्ही खांदे मागे ओढून पाठीमागची पसरट हाडं एकमेकांजवळ आणा. ५ आकडे मोजा, सोडा.

२. पाठ टेकायची खुर्ची घ्या. हात डोक्यामागे धरा. खुर्चीच्या पाठीवरून वरची पाठ हळूच मागे वाकवा. कंबर हलवू नका.

३. गुडघे आणि तळहात जमिनीवर टेकून जनावरासारखं उभं राहा. पाठ वर फुगवा, मग खाली सोडा.

४. खुर्चीवर बसून हाताची घडी छातीवर घ्या. कंबर स्थिर ठेवून डावीकडे वळा, मग उजवीकडे.

थोडा ताण जाणवला तर चालेल. कळ आली किंवा दुखणं वाढलं तर थांबा. पोक आलेल्या किंवा हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी विचारल्याशिवाय हे व्यायाम करू नयेत.

ही लक्षणं असली तर व्यायाम नको, आधी डॉक्टर

- पाठीसोबत छातीत दाब, घाम, दम लागणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: हृदयाचा त्रास असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.
- पायात बधिरपणा, चालताना पाय लटपटणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं: त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.
- पडल्यावर, किंवा वयस्कर बाईला साधी घागर उचलल्यावर एकदम दुखणं: मणका दबलेला असू शकतो.
- एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि नंतर फोड: ही नागीण. लवकर औषध सुरू झालं तर फायदा होतो.
- रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, वजन कमी होणं: मणक्याचा टीबी किंवा दुसरा मोठा आजार असू शकतो.

शेवटचं मी मुद्दाम लिहितोय. आमच्या भावकीतल्या एक काकू सहा महिने पाठ चोळून घेत होत्या. खोकला नव्हता, म्हणून टीबी कुणाच्या मनातच आला नाही. पाय उचलेनात तेव्हा तपासणी झाली. औषधाने आता त्या काठी घेऊन चालतात, पण ते सहा महिने वाचले असते तर कदाचित काठी लागली नसती. थुंकी आणि छातीचा एक्स-रे ठीक आला तरी मणक्याचा टीबी असू शकतो. तो बघायला मणक्याचा एमआरआय लागतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

शेतात एवढं करा

पंप ओट्यावर किंवा गाडीवर ठेवून पाठीवर घ्या, जमिनीवरून हिसका देऊन उचलू नका. दोन्ही पट्टे सारखे आवळा. पंप थोडा कमी भरा, दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. दर तीन-चार पंपांनंतर खाली ठेवून पाठ मागे ताणा. गोणी दोघांनी उचला, गुडघे वाकवून आणि अंगाजवळ धरून. वेचणीत अर्ध्या तासाने एकदा उभं राहा.

कुठे जायचं?

जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जाण्याआधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वार आणि वेळ विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही. खासगीत जाणार असाल तर बोर्डवर बी.पी.टी. पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. मणके कटकन् वाजवून देणाऱ्याकडे पाठ देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर हंगाम संपायची वाट बघू नका. फवारणी एक दिवस पुढे ढकलता येते. पाठ मात्र सगळ्या हंगामांना पुरवायची आहे.