बुडालेले अरण्य आणि सपाट तळाची नौका

१/ सरोवरात कॅटफिश पकडण्यासाठी सर्वांत योग्य नौका कोणती? प्रश्न वरवर पाहता निव्वळ छंदाचा आहे. परंतु अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यातल्या एका जोडजलाशयापुरते त्याचे उत्तर शोधू लागलो, की नौकेच्या तळापासून निघून आपण जागतिक मंदी, दुसरे महायुद्ध आणि सुमारे ९०० विस्थापित कुटुंबांपर्यंत जाऊन पोहोचतो. हा धागा त्या प्रवासाचा.

२/ प्रथम माशाविषयी. कॅटफिश म्हणजे आपल्याकडच्या शिंगाळ्याचे आणि मांगूरचे दूरचे भाईबंद: अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा. हा मासा बहुधा तळाशी राहतो आणि वास व चव यांच्या आधारे भक्ष्य शोधतो. ब्लू कॅटफिश ही जात ४० किलोंहूनही अधिक वाढते. अशा माशासाठी नौकेला वेग फारसा लागत नाही. तिला एका जागी निश्चल उभे राहता यावे, किंवा अतिशय संथ सरकता यावे.

३/ आता स्थळ. सॅन्टी नदी अडवून तिचे पाणी कूपर नदीकडे वळवायचे आणि वीज निर्माण करायची, अशी ही योजना होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ काळातील या प्रकल्पाचे बांधकाम १९३९ मध्ये सुरू झाले. त्यातून दोन जलाशय निर्माण झाले: मॅरियन (सुमारे ४४५ चौरस किलोमीटर) आणि मूल्ट्री (सुमारे २४० चौरस किलोमीटर). एक कालवा त्यांना जोडतो.

४/ पाणी भरण्यापूर्वी खोऱ्यातील अरण्य तोडायचे होते. हजारो मजूर त्या कामाला लागले. परंतु युरोपात युद्ध पेटले होते आणि संरक्षण उत्पादनासाठी वीज तातडीने हवी होती. मॅरियनच्या क्षेत्रातील तोड अर्धवट सोडून पाणी भरले गेले. १९४२ च्या आरंभी वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा असंख्य बुंधे आणि उभी झाडे पाण्यातच राहिली होती. त्यांतील कित्येक आजही आहेत.

५/ मूल्ट्रीचे क्षेत्र त्या मानाने बरेच मोकळे झाले होते. म्हणूनच या दोन शेजारी जलाशयांचे स्वभाव भिन्न आहेत. मॅरियनच्या वरच्या भागात पाणी उथळ आणि बुंध्यांनी भरलेले. मूल्ट्रीवर मात्र वारा सुटला की अडवायला काहीच नाही आणि लाटा उसळतात. एकाच नौकेने दोन्हीकडे सुखाने वावरणे कठीण. ‘आदर्श नौका’ या कल्पनेला पहिला तडा येथे जातो.

६/ उथळ पाण्याचे उत्तर दक्षिणेतील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते: सपाट तळाची लाकडी नौका. ओझार्क डोंगराळ प्रदेशातील नद्यांवर ‘जॉनबोट’ नावाच्या लांबट, अरुंद नौका वापरात होत्या. दोन्ही टोके चौकोनी, बांधणी सोपी आणि वीतभर पाण्यातही तरंगण्याची क्षमता. दक्षिणेकडे अशा नौकांसाठी सायप्रसचे लाकूड पसंत केले जाई, कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही.

७/ येथे इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. सॅन्टीच्या काठी फर्ग्युसन नावाचे एक गाव होते. तेथील गिरणीत याच सायप्रसचे ओंडके कापले जात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरणी बंद पडली, गाव ओस पडले आणि पुढे मॅरियनच्या पाण्याखाली गेले. लाकूड सुकवण्याच्या भट्टीचे अवशेष आज जलाशयातील एका बेटावर उभे आहेत.

८/ लाकडी फळी मात्र पाण्याखालच्या बुंध्यावर आदळली की चिरते. यावर उपाय विमानांच्या कारखान्यांतून आला. युद्धकाळात अमेरिकेचे अॅल्युमिनियम उत्पादन प्रचंड वाढले होते. युद्ध संपताच १९४५ मध्ये लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने अॅल्युमिनियमच्या होड्या विक्रीस आणल्या. पुढे जॉनबोटही याच धातूची बनू लागली. असा पत्रा बुंध्यावर आदळला तर बहुधा पोचतो, फुटत नाही. युद्धाच्या घाईने बुंधे पाण्यात ठेवले आणि त्यांना तोंड देणारा धातूही युद्धाच्याच कारखान्यांनी दिला.

९/ मूल्ट्रीसारख्या मोकळ्या पाण्यावर मात्र सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. तेथे पुढून निमुळता तळ, अधिक रुंदी आणि उंच काठ हवेत. सर्वांत महत्त्वाचा नियम नांगराचा: तो नेहमी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून टाकावा. मागची बाजू इंजिनासाठी ठेंगणी असते आणि इंजिनाच्या भाराने दबलेलीही असते. नांगर तिकडे बांधला तर लाट थेट आत शिरते आणि नौका काही क्षणांत बुडू शकते.

१०/ मूल्ट्रीवर आणि मॅरियनच्या मोकळ्या भागात नांगराहून अधिक रूढ झाली ती वाऱ्यासोबत वाहत जाण्याची पद्धत. नौका वाऱ्याला आडवी सोडायची, काठावरच्या खोबण्यांत सहा-आठ गळकाठ्या रोवायच्या आणि आमिष तळावरून हळूहळू ओढत न्यायचे. वेग वाढला तर कापडी पिशवी पाण्यात सोडायची. ती पाण्याने फुगून नौकेला मागे खेचते. दिशा सांभाळायला विजेवर चालणारी लहान मोटर असते. अशी मोटर १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातील फार्गो येथे तयार झाली होती.

११/ गळाची रचनाही या तळानेच घडवली. ‘सॅन्टी रिग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडणीत शिसे तळाला टेकते. परंतु गळाच्या अलीकडे दोरीत एक छोटा तरंगता ठोकळा ओवलेला असतो. त्यामुळे आमिष तळापासून किंचित वर राहते आणि मुळ्या-फांद्यांत अडकण्याचा धोका कमी होतो. पाण्यात राहून गेलेल्या अरण्याने त्या जलाशयाच्या नावाची एक स्वतंत्र जोडणीच जन्माला घातली.

१२/ ७ जुलै १९६४ रोजी येथे ५८ पौंडांचा, म्हणजे सुमारे २६ किलोंचा चॅनेल कॅटफिश पकडला गेला. त्या जातीचा तो जागतिक विक्रम ठरला. आज येथे सर्वाधिक प्रसिद्ध असलेला ब्लू कॅटफिश मात्र मूळचा मिसिसिपी खोऱ्यातला. तोही १९६० च्या दशकाच्या मध्यात बाहेरून आणून सोडलेला. सरोवर मानवनिर्मित, नौकेचा धातू कारखान्यातला आणि मासाही पाहुणा.

१३/ नौकेवरील शेवटचे महत्त्वाचे उपकरण म्हणजे ध्वनिलहरींनी तळ दाखवणारे यंत्र. पाणबुड्यांचा शोध घेण्याचे हे तंत्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स कंपनीने छोट्या हिरव्या पेटीत बसवून सामान्य मासेमारांच्या हाती दिले. त्यामुळे नदीचे जुने पात्र, बुंध्यांची राने आणि तळाचे चढउतार नौकेत बसून कळू लागले. मासे बहुधा अशाच कडांपाशी असतात.

१४/ परंतु यंत्राच्या पडद्यावर दिसणारा तो तळ एके काळी कुणाची तरी जमीन होती. सुमारे ९०० कुटुंबे उठवली गेली आणि सुमारे ६,००० कबरी हलवल्या गेल्या. उठवलेल्यांत आफ्रिकन-अमेरिकन कुळे मोठ्या संख्येने होती. पाणी भरण्यापूर्वी तेथील जुन्या मळेवाल्यांच्या वाड्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेण्यात आली. कुळांच्या खोपटांच्या वाट्याला तेवढी नोंद आली नाही. ज्याच्या नावाने सरोवर ओळखले जाते, त्या फ्रान्सिस मॅरियनचा स्वतःचा मळाही याच पाण्याखाली आहे. त्याचे नाव निदान नकाशावर उरले.

१५/ म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे: उथळ, बुंध्यांच्या पाण्यावर सपाट तळाची अॅल्युमिनियमची नौका, मोकळ्या पाण्यावर उंच काठांची, निमुळत्या तळाची. मात्र हे उत्तर नौका बांधणाऱ्याने एकट्याने दिलेले नाही. अरण्य किती तोडले, कुठे थांबले आणि कुणाच्या घाईसाठी थांबले, यावरून ते ठरले. वस्तूचा आकार हेही इतिहासाचे साधन असते, ते याच अर्थाने.

१६/ उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर पुन्हा दिसू लागते आणि आपण छायाचित्रे काढायला धावतो. पुढच्या वेळी मंदिराबरोबरच शेजारी उभ्या असलेल्या होडीकडेही पाहा. तिचा तळ कसा आहे, ती कशाची बनली आहे, हे होडीवाल्याला विचारा. आणि आपल्या घरात धरणाखाली गेलेल्या गावाची आठवण सांगणारे कुणी असेल, तर ती आजच लिहून ठेवा. वाड्यांची मोजमापे कुणीतरी घेतेच. खोपटांची आपल्यालाच घ्यावी लागतात.