लाटेक अक्षरजुळणी प्रणालीतील पूरक पॅकेजांची परंपरा : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात अक्षरजुळणीचे काम मुद्रणालयातून लेखकाच्या टेबलावर आले. या स्थित्यंतरात टेक आणि तिच्यावर आधारलेली लाटेक या संगणकीय प्रणालींना विशेष स्थान आहे. टेकचा गाभा तिच्या निर्मात्याने जाणीवपूर्वक गोठविला. तरीही पूरक पॅकेजांच्या साहाय्याने ही व्यवस्था चार दशकांहून अधिक काळ विस्तारत राहिली. प्रस्तुत निबंधात या पॅकेजांचा उदय, त्यांचे संघटन, त्यांचे परवाने आणि देवनागरी लिपीला त्यांच्यामुळे मिळालेले स्थान यांचा आढावा घेण्यात आला आहे.

१. प्रास्ताविक

मुद्रणाचा इतिहास प्रामुख्याने यंत्रांचा आणि मुद्रणालयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खिळे जुळविणारा कंपोझिटर त्यात अधूनमधून डोकावतो. पण त्याचे कौशल्य संगणकात कसे उतरले, याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. टेक आणि लाटेक यांत लेखक मजकुरासोबत काही आज्ञा लिहितो. ओळी कोठे तोडाव्यात, समीकरण कसे मांडावे, तळटीप कोठे यावी हे निर्णय या आज्ञांनुसार प्रणाली घेते. पूरक पॅकेज म्हणजे अशा आज्ञांचा, मूळ प्रणालीबाहेर तयार झालेला संच होय. लेखकाने दस्तऐवजाच्या आरंभी त्याचे नाव नोंदविले की त्यातील सोयी उपलब्ध होतात.

ज्या प्रणालीचा गाभा बंद झाला आहे, ती नव्या भाषा, नव्या विद्याशाखा आणि नवी माध्यमे यांना सामावून कशी घेते, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. स्थिर गाभा आणि खुली भर ही विभागणी केवळ तांत्रिक नव्हती. कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या जबाबदारीवर भर घालावी, याविषयीची ती एक सामाजिक व्यवस्था होती.

२. टेक : गोठविलेला गाभा

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची जुळणी धातूच्या खिळ्यांनी झाली होती. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तेव्हा ती नव्या प्रकाशजुळणीच्या तंत्राने केलेली होती आणि गणिती मजकुराचे पूर्वीचे सौष्ठव त्यांत उरले नव्हते. या असमाधानातून क्नूथ यांनी त्याच वर्षी टेकची आखणी सुरू केली. अक्षरांचे आकार घडविण्यासाठी मेटाफाँट ही सोबतची प्रणालीही त्यांनी रचली. १९८२ मध्ये टेक नव्याने लिहिली गेली आणि १९८४ मध्ये ‘द टेकबुक’ हा तिचा मार्गदर्शक ग्रंथ प्रकाशित झाला.

टेकमध्ये सुमारे ३०० मूलभूत आज्ञा आहेत. त्यांच्या जोडणीतून नव्या आज्ञा तयार करण्याची मुभा लेखकाला दिलेली आहे. अशा रचित आज्ञेस मॅक्रो म्हणतात. क्नूथ यांनी स्वतः ‘प्लेन टेक’ हा मॅक्रोंचा प्राथमिक संच दिला, तर अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी मायकेल स्पिवाक यांनी गणितलेखनाला अनुरूप असा ‘एएमएस-टेक’ हा संच तयार केला. मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यावर भर घालण्याची प्रथा येथे सुरू झाली.

युरोपीय भाषांच्या स्वरचिन्हांकित अक्षरांची अडचण लक्षात घेऊन क्नूथ यांनी १९८९ मध्ये आठ-बिटी अक्षरसंकेतांचा स्वीकार केला. मात्र हा शेवटचा मोठा बदल ठरला. १९९० मध्ये त्यांनी टेकचा विकास थांबल्याचे जाहीर केले. यापुढे केवळ चुका दुरुस्त होतील, असे ठरले. आवृत्तिक्रमांक ३ पासून ३.१, ३.१४ असा ‘पाय’ या गणिती स्थिरांकाकडे सरकत जातो. या आज्ञावलीचा कोणीही उपयोग करावा, तिच्यात बदलही करावा. परंतु बदललेल्या प्रणालीला ‘टेक’ हे नाव देऊ नये, अशी त्यांची अट आहे. जुना दस्तऐवज पुढेही तसाच जुळला पाहिजे, ही या निर्णयामागील भूमिका होती.

३. लाटेक आणि पूरक फाइलींचा उदय

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारित लाटेक हा मॅक्रोसंच विकसित केला. त्याचे मार्गदर्शक पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाने ‘हे प्रकरण’, ‘हा उतारा’, ‘ही सूची’ एवढेच सांगावे आणि त्यांचे दृश्यरूप शैलीच्या फाइलीने ठरवावे, हे लाटेकचे तत्त्व होते. ओरेन पाताश्निक यांच्या बिबटेक या आज्ञावलीने संदर्भसूचीचे कामही लेखकाच्या आवाक्यात आणले.

प्रत्यक्षात या शैलीफाइलींमध्ये प्रकरण, आकृती, अनुक्रमणिका यांसाठीचे इंग्रजी शब्द पक्के बसविलेले होते. जर्मन किंवा डच भाषेत लिहिणाऱ्याला मूळ फाइलीतच फेरफार करावे लागत. योहानेस ब्राम्स यांच्या ‘बॅबल’ या पॅकेजाने हे शब्द आणि भाषागणिक बदलणाऱ्या इतर गोष्टी वेगळ्या काढल्या. १९९१ मध्ये टेक वापरकर्ता संघाच्या ‘टगबोट’ या नियतकालिकात त्याची मांडणी प्रसिद्ध झाली. भाषा हा प्रणालीचा गृहीत भाग न राहता बाहेरून जोडण्याचा भाग झाला, हा या पॅकेजाचा ऐतिहासिक विशेष होय.

परंतु खुल्या भरीबरोबर विस्कळीतपणाही आला. फाँट निवडण्याच्या नव्या योजनेवर आधारलेली लाटेक, पारदर्शिकांसाठीची लाटेक, गणितासाठीची लाटेक अशी परस्परांशी न जुळणारी रूपे एकाच वेळी प्रचारात आली. एका ठिकाणी लिहिलेला लेख दुसऱ्या ठिकाणी जुळेलच याची शाश्वती उरली नाही. फ्रँक मिटेलबाख, रायनर श्योफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रूपे एकत्र आणली आणि १९९४ मध्ये ‘लाटेक टू-ई’ प्रसिद्ध झाली. या आवृत्तीने दस्तऐवजाचा प्रकार ठरविणारा ‘वर्ग’ आणि विशिष्ट सोय पुरविणारे ‘पॅकेज’ यांत स्पष्ट भेद केला. आजचे पॅकेज या अर्थाने १९९४ चे अपत्य आहे.

४. संग्रह आणि परवाना

आरंभी पूरक फाइली निरनिराळ्या विद्यापीठांच्या संगणकांवर विखुरलेल्या होत्या. एकाच फाइलीच्या अनेक आवृत्त्या फिरत असत. सेबॅस्टियन राट्झ, रायनर श्योफ, योआखिम श्रोड आणि जॉर्ज ग्रीनवेड यांच्या पुढाकाराने १९९२ पासून जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथील संग्रहांचा मेळ घालण्यात आला. ‘सीटॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समाईक संग्रहाची अधिकृत घोषणा १९९३ मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठातील परिषदेत झाली. आज त्यात ६,००० हून अधिक पॅकेजे आहेत. १९९६ पासून निघणाऱ्या ‘टेक लाइव्ह’ या संचामुळे त्यांपैकी बहुतेक पॅकेजे एकत्रितपणे संगणकावर बसविता येऊ लागली.

संग्रहाइतकेच महत्त्व परवान्याला आहे. लाटेक प्रकल्पाच्या सार्वजनिक परवान्याने सुरुवातीस बदललेल्या फाइलीला नवे नाव देण्याची अट घातली. तीत क्नूथ यांच्या भूमिकेचा ठसा स्पष्ट दिसतो. पुढे मुक्त आज्ञावलींच्या पुरस्कर्त्यांशी झालेल्या चर्चेनंतर ही अट सैल करण्यात आली. या परवान्यात ‘विद्यमान देखभालकर्ता’ ही संकल्पनाही आहे. तो संपर्काबाहेर असल्यास दुसऱ्या व्यक्तीस जाहीर घोषणा करून जबाबदारी घेता येते. दुवे जोडणारे राट्झ यांचे ‘हायपररेफ’ हे पॅकेज पुढे हायको ओबरडिक यांनी सांभाळले आणि नंतर ते लाटेक प्रकल्पाकडे आले. २०१६ मध्ये राट्झ यांचे निधन झाले. त्यांचे पॅकेज मात्र वापरात राहिले.

५. देवनागरीचा प्रवेश

इंग्रजी गणितलेखनासाठी जन्मलेल्या या प्रणालीत देवनागरीचा विचार मुळात नव्हता. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना आधी येतो. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांची रूपे शेकड्यांनी आहेत. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये यावर उपाय दिला. लेखकाने रोमन अक्षरांत ठरावीक संकेतांनी मजकूर लिहावा, एका स्वतंत्र आज्ञावलीने त्याचे टेकला समजणाऱ्या रूपात परिवर्तन करावे आणि मेटाफाँटने घडविलेल्या अक्षरांत तो छापला जावा, अशी ही रचना होती. या पॅकेजात मुंबई आणि कोलकाता या दोन्ही वळणांची अक्षरे उपलब्ध आहेत. मराठी वाचकाला परिचित असलेली अक्षररूपे त्यामुळे टेकच्या कक्षेत आली.

भारतात तिरुअनंतपुरम हे या चळवळीचे प्रमुख केंद्र ठरले. तेथे १९९८ मध्ये भारतीय टेक वापरकर्ता संघ आकारास आला आणि २००२ मध्ये टेक वापरकर्ता संघाची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे युनिकोड मजकूर आणि संगणकावरील आधुनिक फाँट थेट वापरता येऊ लागले. विल रॉबर्टसन यांचे ‘फाँटस्पेक’ आणि फ्रान्स्वा शारेत यांचे ‘पॉलिग्लॉसिया’ या पॅकेजांनी ही क्षमता लाटेकच्या लेखकापर्यंत पोहोचविली. संतोष तोट्टिंगल यांनी अनेक भारतीय भाषांसाठी ओळीअखेर शब्द तोडण्याचे नियम तयार केले. त्यांत मराठीचाही समावेश आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत तयार झालेला ‘शोभिका’ हा देवनागरी फाँटही सीटॅनवर उपलब्ध आहे.

याच काळात महाराष्ट्रातील बहुतांश छपाई वेगवेगळ्या संकेतपद्धतींच्या खासगी फाँटांवर अवलंबून होती. त्या फाँटाशिवाय तो मजकूर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. अनेक ग्रंथांचे, नियतकालिकांचे आणि प्रबंधांचे संगणकीय मूळ त्यामुळे निरुपयोगी झाले. या पार्श्वभूमीवर, खुल्या संकेतांत लिहिलेला आणि कोणत्याही संगणकावर वाचता येणारा टेकचा मूळ मजकूर ही ज्ञानजतनाच्या दृष्टीने लक्षणीय बाब ठरते.

६. मर्यादा

या व्यवस्थेचे दोषही नोंदविणे आवश्यक आहे. दोन पॅकेजे एकाच आज्ञेचा वेगवेगळा अर्थ लावतात, तेव्हा संघर्ष होतो. पॅकेजे कोणत्या क्रमाने नोंदवावीत हे लेखकाला अनुभवानेच शिकावे लागते. गाभा स्थिर असला तरी पॅकेजे बदलतात, त्यामुळे जुना दस्तऐवज जुळेनासा होण्याचा धोका राहतो. देखभाल बहुतांशी स्वयंसेवकांवर अवलंबून असून एका व्यक्तीच्या निवृत्तीने शेकडो लेखकांची सोय अडू शकते. या अडचणींमुळे लाटेक प्रकल्पाने २०१५ पासून गाभ्यातच सुधारणा करण्याचे धोरण स्वीकारले आणि जुन्या दस्तऐवजांसाठी पूर्वीच्या स्थितीत परतण्याची सोय ठेवली. २०१८ मध्ये युनिकोडचे यूटीएफ-८ हे रूप मूलभूत संकेत ठरले, तर २०२० मध्ये नव्या आज्ञाभाषेचा गाभ्यात समावेश झाला. पॅकेजांत सिद्ध झालेल्या कल्पना गाभ्याकडे परतू लागल्या, असे या टप्प्याचे स्वरूप आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) टेकच्या गाभ्याची स्थिरता विस्ताराला मारक न ठरता पूरक ठरली. काय बदलणार नाही हे निश्चित असल्यामुळे इतरांना त्यावर बांधणी करता आली. (२) केवळ खुलेपणाने व्यवस्था टिकली नाही. १९९४ ची पुनर्रचना, समाईक संग्रह आणि देखभालीचे नियम यांनी ती सावरली. (३) देवनागरीला या प्रणालीत स्थान मिळाले ते कोणत्याही केंद्रीय निर्णयाने नव्हे, तर गरज ओळखणाऱ्या व्यक्तींनी बाहेरून घातलेल्या भरीमुळे. (४) त्यामुळेच मराठीच्या उर्वरित गरजा, उदाहरणार्थ अकारविल्हे सूची, मराठी संदर्भपद्धती आणि विद्यापीठीय प्रबंधांचे नमुने, यांची पूर्तता मराठी अभ्यासकांनाच करावी लागेल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. तयार केलेले पॅकेज पुढील पिढीपर्यंत सांभाळण्याची सिद्धता मात्र हवी.