शेततळ्यातील चिलापी : काढा, खा आणि आटोक्यात ठेवा

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडले आणि वर्षाने जाळ्यात बोटभर चिलापीच जास्त आली, असे अनेकांच्या बाबतीत घडते. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा आज नद्या, धरणे आणि तळ्यांत आपोआप वाढतो. तो पूर्ण संपवणे अवघड आहे. मात्र नियमित काढून खाल्ला तर तो आटोक्यात राहतो.

चिलापी एवढी का वाढते?

• दोन-तीन महिन्यांतच ती विणीला येते आणि वर्षातून अनेकदा विते.
• मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे बरीच पिल्ले जगतात.
• गर्दी झाली की मासे खुजे राहतात, पण वीण थांबत नाही.
• कार्पचे खाद्य व जागा चिलापी घेते आणि तुमचे उत्पादन घटते.

काय करावे?

१. दर पंधरा दिवसांनी बारीक आसाचे जाळे ओढा. प्लास्टिकचे अस्तर असल्यास जाळ्याच्या शिशाने ते फाटणार नाही याची काळजी घ्या. कार्प परत सोडा. चिलापी लहान असली तरी पाण्यात टाकू नका.

२. उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवा. मातीचे तळे भेगा पडेपर्यंत वाळू द्या. डबक्यात उरलेल्या चार माशांपासूनही पुन्हा तळे भरते.

३. पाणी आटवता येत नसेल तर मोहाची पेंड वापरा. प्रमाण हेक्टरी, एक मीटर खोल पाण्याला २,५०० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांना सुमारे २५० किलो. तळ्यातील सर्वच मासे मरतात, म्हणून कार्प आधी काढून घ्या. नवे बीज किमान तीन आठवड्यांनी सोडा.

४. पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मत्स्यबीज खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा.

खाताना

पकडलेली चिलापी एक दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवल्यास चिखलाचा वास कमी होतो. खवले, आतडी आणि पोटातील काळा पडदा काढा. मोठे मासे कालवणाला किंवा तळायला घ्या. लहान मासे मीठ लावून उन्हात खडखडीत वाळवले तर पावसाळ्यात उपयोगी पडतात. उरलेले शिजवून कोंबड्यांना घाला.

हे टाळा

• मासे मारण्यासाठी कीटकनाशक कधीही वापरू नका. असे मासे विषारी असतात आणि ते पाणी जनावरांनाही चालत नाही.
• सांडपाणी किंवा फवारणीचे पाणी येते त्या तळ्यातील मासे खाऊ नका.
• जिवंत चिलापी दुसऱ्या तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका.
• धरण व गावतलावात मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने दिलेला असतो. आधी परवानगी घ्या.

एकदा जाळे ओढून काम संपत नाही. दोन-तीन महिने खंड पडला की नवी पिढी विणीला येते. म्हणून जाळे ओढण्याच्या तारखा लिहून ठेवा आणि शेजारच्या तळेमालकांनाही सोबत घ्या.