दिवाणखान्यातलं चर्च

स्टोनवॉलबद्दल तुम्ही ऐकलं असेल, जून १९६९. मला त्याच्या आठेक महिने आधीच्या एका रविवारबद्दल बोलायचंय.

६ ऑक्टोबर १९६८. लॉस एंजेलिसजवळचं हंटिंग्टन पार्क. ट्रॉय पेरी हा पेंटेकोस्टल पाद्री. समलैंगिक आहे म्हणून त्याला चर्चमधून काढलेलं. त्याने सरळ घरच्या दिवाणखान्यातच प्रार्थना ठेवली. आले किती? बारा जण. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. ‘असल्यांना देवधर्म नकोच असतो’ म्हणणाऱ्यांना मी हे बारा जण नेहमी सांगतो. ते प्रार्थनेलाच आले होते ना!

२४ जून १९७३, पुन्हा रविवार. न्यू ऑर्लिन्सच्या अपस्टेअर्स लाउंज या बारमध्ये याच चर्चची बरीच माणसं बसली होती. जिन्यातून आग वर आली, खिडक्यांना गज. ३२ जीव गेले, त्यांचा पाद्री बिल लार्सनसुद्धा. आणि प्रार्थनासभेसाठी शहरातली चर्चेस एकामागून एक नाही म्हणाली. विल्यम रिचर्डसन या एपिस्कोपल धर्मगुरूने दार उघडलं, तर त्याच्याच बिशपने त्याला सुनावलं. कॅथलिक आर्चबिशपची माफी आली २०१३ मध्ये. चाळीस वर्षांनी!

पुढच्याच वर्षी पीआरआरआय या अमेरिकी संस्थेचा सर्व्हे आला. लहानपणीचा धर्म सोडलेल्या तरुणांपैकी ३१ टक्के म्हणाले, समलैंगिकांना दिलेली वागणूक आणि त्यांच्याबद्दलची शिकवण हे आमच्या सोडण्यामागचं महत्त्वाचं कारण. ही सगळी पोरं त्या आगीनंतर जन्मलेली.