डिकीतला माणूस

मोटारीच्या पाठीमागच्या सामानाच्या कप्प्याला आपण मराठीत 'डिकी' म्हणतो. शब्द इतका मुरला आहे की तो परका असल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र या कप्प्याला 'बूट' म्हणतात आणि अमेरिकेत 'ट्रंक'. मग आपली डिकी आली कोठून?

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत घोडागाडीवरच्या सारथ्याच्या किंवा नोकराच्या बैठकीला डिकी म्हणत. मोटारी आल्यावर दोन आसनी गाडीच्या पाठीत दडवलेल्या जादा बैठकीला तेच नाव मिळाले. झाकण उघडले की बैठक, मिटले की गाडीची सपाट पाठ. वर छप्पर नसल्याने ऊनपाऊस बसणाऱ्याने सोसायचा. पुढे ही बैठक गेली, तेथे सामान आले; भारतात नाव तेवढे उरले. 'बूट'ची कथाही फारशी निराळी नाही. जुन्या बग्गीत तीही आधी सेवकांची जागा होती, सामान नंतर आले. 'ट्रंक' तेवढी जन्मापासून पेटीच, गाडीच्या पाठीशी पट्ट्यांनी बांधलेली. (आपण तो शब्द लोखंडी पेटीसाठी आधीच वापरून टाकला होता.)

माणसाची जागा सामानाची झाली, तसे झाकणाचे कुलूपही बाहेरूनच उघडणारे झाले. यात कोणालाच वावगे वाटले नाही. सामानाला बाहेर कोठे पडायचे असते? १९९८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत तीन निरनिराळ्या घटनांत ११ मुले अशा कप्प्यांत कोंडली जाऊन दगावली. त्यानंतर तेथे नियम झाला आणि १ सप्टेंबर २००१ पासून नव्या मोटारींच्या ट्रंकेत आतून उघडण्याची सोय बंधनकारक झाली. बहुतेक गाड्यांत ती अंधारात चमकणारी एक मूठ असते. तिच्यावर अनेकदा उघड्या ट्रंकेतून उडी मारून पळणाऱ्या माणसाचे चित्र असते. भाषेने हुसकावलेला माणूस असा चित्ररूपाने परतला, असे आम्हांस वाटते.

आता झाकणे विजेवर मिटतात. आड काही आले तर मोटरवरचा भार वाढतो किंवा तिची गती मंदावते; ते ओळखून झाकणाने मागे फिरावे, अशी योजना असते. टेस्लाच्या सायबरट्रकला सामानाचा कप्पा पुढेही आहे. 'फ्रंट' आणि 'ट्रंक' जोडून त्याला इंग्रजीत 'फ्रंक' म्हणतात. आपण 'पुढची डिकी' म्हणून मोकळे होऊ. २०२४ साली हे झाकण गाजरावर, आणि मग चक्क स्वतःच्या बोटावर, मिटवून पाहणाऱ्यांच्या चित्रफिती गाजल्या. एकाने तर बोट पुनःपुन्हा पुढे केले आणि अखेर ते चांगलेच चेमटले. त्यावर गाडीच्या अभियंत्याचे म्हणून जे स्पष्टीकरण पुढे आले, ते असे: झाकण पुन्हा मिटवू पाहिले की त्याचा जोर दर खेपेस वाढतो, कारण मालकाला ते मिटवायचेच आहे, असे धरलेले असते. आड आली असेल ती एखादी फुगलेली पिशवी.