रानफुले, गवतकापणी आणि मुकादम : रस्त्याकडेचा एक विस्मृत इतिहास

१/ साल १९३४. अमेरिका महामंदीत होरपळत होती. अशा दिवसांत टेक्सास राज्याच्या महामार्ग खात्याने एक नियम लागू केला : वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी अगदी आवश्यक नसेल, तर रानफुलांचा बहर ओसरेपर्यंत रस्त्याकडेचे गवत कापायचे नाही.

२/ खात्याची सूत्रे अभियंता गिब गिलख्रिस्ट यांच्या हाती होती. भूदृश्यरचनाकार म्हणून त्यांनी नेमलेले जॅक गुबेल्स मूळचे नेदरलँड्सचे. मुख्य हेतू शोभेचा आणि मातीची धूप रोखण्याचा होता. मधमाश्यांचा विचार फारसा कोणाच्या मनात नव्हता.

३/ तरीही नियमामागचे निसर्गज्ञान पक्के होते. टेक्सासचे राज्यपुष्प ब्लूबॉनेट ही एकवर्षायू वनस्पती आहे. शेंगा पिकून बी जमिनीवर सांडण्यापूर्वी यंत्र फिरले, तर पुढल्या वसंतात तिथे फूल कुठून येणार? म्हणजे फुलांचे भवितव्य कापणीयंत्र चालवणाऱ्याच्या हाती होते.

४/ हे मर्म लेडी बर्ड जॉन्सन यांनी ओळखले. त्यांच्या आग्रहामुळे झालेला १९६५चा महामार्ग सौंदर्यीकरण कायदा प्रसिद्ध आहे. पण त्याचा मुख्य रोख जाहिरात-फलक आणि भंगारतळांवर होता. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. व्हाइट हाऊस सोडल्यावर, १९६९पासून, त्या टेक्सासमधील रस्ते-देखभालीच्या मुकादमांना दरवर्षी पारितोषिके देऊ लागल्या. रक्कम स्वतःच्या खिशातून. हा समारंभ सुमारे वीस वर्षे चालला. ज्यांची नावे एरवी कोणत्याही इतिहासग्रंथात आली नसती, त्यांचा हा सन्मान होता.

५/ आयोवाची कथा निराळी. एकेकाळी राज्याच्या सुमारे ८० टक्के भूमीवर पसरलेल्या प्रेअरी गवताळ प्रदेशाचा एक सहस्रांशही आज उरलेला नाही. बाकी सारे नांगराखाली गेले. रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्या तेवढ्या वाचल्या, आणि त्यांवरही सरसकट तणनाशक फवारले जाई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राज्याने एकात्मिक रस्त्याकडेच्या वनस्पती-व्यवस्थापनाचे धोरण कायद्यात आणले. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठ काउंट्यांच्या कर्मचाऱ्यांना स्थानिक गवतांचे बी देऊ लागले आणि पेरणीपासून तणनियंत्रणापर्यंतचे मार्गदर्शनही करू लागले.

६/ मग प्रश्न मोनार्क फुलपाखरांचा आला. त्यांच्या अळ्या केवळ मिल्कवीडवर, म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातील झाडांवर, वाढतात. २०१४मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी परागवाहकांच्या रक्षणाचे निर्देश दिले. २०१५च्या वाहतूक कायद्याने रस्त्याकडेच्या अधिवासांना प्रोत्साहन दिले. २०२०मध्ये वीजवाहिन्या आणि रस्ते सांभाळणाऱ्या संस्थांसाठी मोनार्क-संवर्धनाचा राष्ट्रव्यापी करारही झाला.

७/ मात्र कागदावरचा करार ट्रॅक्टरवर बसत नाही. म्हणून प्रशिक्षण. मिल्कवीड ‘तण’ नव्हे, हे रोप पाहताच ओळखणे. वाहनचालकाला समोरचे दिसावे एवढीच कडेची पट्टी कापणे आणि मागचा भाग राखणे. फवारा सरसकट न मारता नेमक्या उपद्रवी झाडावर मारणे. वर्षानुवर्षे ‘स्वच्छ कापलेला रस्ता म्हणजे चांगले काम’ असे ऐकलेल्या माणसाला हे पटवणे सोपे नव्हे. वाढलेले गवत पाहून नागरिकांच्या तक्रारीही त्यालाच ऐकाव्या लागतात.

८/ टेक्सासचे खाते आजही दरवर्षी सुमारे ३०,००० पौंड रानफुलांचे बी विकत घेते. ते पेरले जाते शरदात, आणि वसंतात यंत्रे थांबतात : शेंगा तपकिरी होईपर्यंत.