पस्तीस जणी आणि एक नाव

जोतीराव फुल्यांचं ४ डिसेंबर १८८४ या तारखेचं एक इंग्रजी निवेदन आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य या विषयांवर लिहिलेल्या टिपणांवर मतं मागवली गेली होती, त्यात फुल्यांनी आपलं मत कळवलं. या निवेदनात दोन हकिगती शेजारीशेजारी आल्या आहेत. पहिली काशीबाईची. ती तरुण ब्राह्मण विधवा फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, औषधं घेऊनही गर्भ पडला नाही, मूल झाल्यावर तिने ते मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. पोलिसांनी संशयावरून पकडलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. दुसरी हकिगत फुल्यांनी त्यानंतर स्वतःच्या आवारात उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची. तिथे तोवर ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली, बाकीची ३० गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी दगावली, असं फुले लिहितात. काशीबाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे, तिचं काम, तिचं ठिकाण, तिची विहीरसुद्धा. त्या पस्तीस जणींपैकी एकीचंही नाव त्या निवेदनात नाही. जी कोर्टाच्या हाती लागली तिचं नाव उरलं. ज्या फुल्यांच्या दारी आल्या त्यांचा फक्त आकडा.

धर्मादाय संस्था आपल्याकडे आलेल्या माणसांची खासगी माहिती कशी जपतात, हा विषय निघाला की आज लगेच कायदा, संमतीचे अर्ज, पासवर्ड आणि कुलूपबंद कपाटं डोळ्यांपुढे येतात. आधी मदत, मग तिच्या मागोमाग माहितीची काळजी, असा एकूण समज असतो. महाराष्ट्रातल्या बालहत्या प्रतिबंधक गृहांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे, असं माझं म्हणणं आहे. तिथे गुप्तता ही मदतीला जोडलेली अट नव्हती. तीच मदत होती. खोली, बाज, सुईण, दूध या गोष्टी त्या बाईला पैसे मोजून इतरत्रही मिळाल्या असत्या. तिला जे कुठेच मिळत नव्हतं ते म्हणजे कुणाला न कळता बाळंत होता येईल अशी जागा. आणि ही गुप्तता राखायचा पहिला उपाय माहिती लपवणं हा नव्हता, मुळात ती न मागणं हा होता.

त्या काळी एखाद्या विधवेचं नाव बाहेर फुटणं म्हणजे काय, हे नीट पाहिल्याशिवाय या न मागण्याची किंमत कळत नाही. पेशवाईच्या दप्तरांत बदकर्माच्या नोंदी आहेत. अशा प्रकरणात सापडलेल्या बाईला दंड होई, कधी तिला सरकारी बटीक करून कामाला जुंपलं जाई. राज्य बदललं तरी वाड्यातलं राज्य तेच राहिलं. जातीची सभा भरे, ग्रामण्य होई, प्रायश्चित्ताचा आणि वाळीत टाकण्याचा निवाडा होई, आणि या सगळ्याची सुरुवात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगण्याने होई. पाणक्या, मोलकरीण, केशवपनाला येणारा न्हावी, विटाळाचे दिवस मोजणारी सासू: वाडा ही माहिती गोळा करणारी एक बारीक यंत्रणाच होती. वर १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्यात गर्भपाताला शिक्षा, बारा वर्षांखालचं मूल टाकून देण्याला शिक्षा, मेलेल्या अर्भकाचं प्रेत गुपचूप पुरून जन्म लपवण्यालाही शिक्षा. म्हणजे जातीला कळलं तर वाळीत, सरकारला कळलं तर तुरुंगात. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होता खरा, पण दिवस गेलेल्या विधवेशी लग्नाला उभा राहणारा कोण होता?

गृहाची सुरुवात १८६३ सालची मानली जाते. फुल्यांनी छापील जाहिराती काढल्या आणि ब्राह्मणवस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवल्या. त्यांचा आशय थोडक्यात असा: विधवांनी यावं, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तिने ठरवावं, ठेवल्यास त्याची काळजी घेतली जाईल. आजच्या संमतीपत्रात जे असायला हवं ते बहुतेक सगळं त्या चार ओळींच्या कागदात होतं: इथे काय मिळेल, काय गुप्त राहील, आणि निर्णय कुणाचा. तोही दारात येण्याआधीच, भिंतीवर, रस्त्यावरून जाताना वाचता येईल असा. वाचता न येणाऱ्या बाईच्या कानावर तो कुणाकडून तरी जाणार हेही त्यात आलं. जाहिरातीची टवाळी करणाऱ्यांनीसुद्धा ती पोहोचवायला हातभारच लावला असेल.

घराची जागाही पाहण्यासारखी आहे. फुले राहत ते गंज पेठेत, शनिवार-सदाशिवच्या वाड्यांपासून दूर, माळ्याच्या घरी. ज्यांची भीती होती ती सोवळ्यातली माणसं त्या उंबऱ्याला शिवणार नव्हती. जातीने घातलेलं अंतर इथे पडद्यासारखं कामाला आलं, असं मला वाटतं. याला माझ्याकडे कागदी पुरावा नाही; पण नातेवाइकाच्या, ओळखीच्या किंवा आपल्याच जातीतल्या सुधारकाच्या घरात जी गोष्ट दोन दिवसांत फुटली असती ती इथे राहिली, ती केवळ घरच्यांच्या सज्जनपणामुळे नसावी. त्यात बाळंतपणं सावित्रीबाईंच्या हातची. जितके हात कमी तितकी तोंडं कमी, हा हिशेब कुठल्याही सुईणीला ठाऊक असतो.

पंढरपूरला १८७५ मध्ये दुसरं असं गृह निघालं. त्यामागे प्रार्थना समाजाची मंडळी होती आणि त्यात पुढाकार होता तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांचा. गावाची निवड एका अर्थी आपोआप झाली. नको असलेल्या विधवेला यात्रेच्या निमित्ताने पंढरीला आणून सोडायचं, ही रीतच होती. चंद्रभागेच्या वाळवंटात अनोळखी बाई दिसली तर कुणी तिला गाव विचारत नसे, विचारलं तरी वारीला आले एवढं उत्तर पुरे. इथे गर्दीनेच आडोसा दिला. त्रवाडी दिवसा ज्या कोर्टात बसत, तिथे नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव लिहून घेतल्याखेरीज कुणाची जबानी सुरू होत नसे. त्याच माणसाने नाव न विचारणारी संस्था उभारावी यात मला विसंगती दिसत नाही. नोंद माणसाचं काय करते हे कोर्टात बसणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

यावर पहिला आक्षेप त्या काळीही होता आणि आजही तो वजनदार आहे: या गुप्ततेने झाकलं कोण गेलं? बाई झाकली गेली तसा तो शास्त्रीही झाकला गेला. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर ताशेरे उठले तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून बायकांना दोष देणाऱ्यांचाच हिशेब मांडला. त्या दृष्टीने पाहिलं तर गुपचूप बाळंत व्हा असं सांगणारी जाहिरात पुरुषांना सोयीचीच होती. हे मी नाकारत नाही. पण काशीबाईच्या बाबतीत तर काहीच झाकलेलं नव्हतं. पोलीस आले, खटला उघड चालला, नाव सगळीकडे झालं. शिक्षा झाली ती तिला. शास्त्र्याला काय झालं याचा फुल्यांच्या हकिगतीत उल्लेख नाही. विधवेशी संबंध ठेवणं हा त्या संहितेत गुन्हाच नव्हता, कारण व्यभिचाराचं कलम होतं ते दुसऱ्याच्या बायकोपुरतं, म्हणजे नवऱ्याच्या हक्कापुरतं. नाव उघड केल्याने शास्त्री सापडत असता तर गुप्ततेचा दोष मोठा ठरला असता. तो तसाही सापडत नव्हता. ताराबाईंनी व्यवस्थेवर स्वतःच्या नावानिशी आरोप केला, गृहाने एकेका बाईला तिच्या नावावाचून जगवलं. ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं करणाऱ्याने पहिलं केलं नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही, आणि फुल्यांनी तर निवेदन लिहून पहिलंही केलं.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. कुणाला काहीच न सांगणारी संस्था खरी की खोटी, हे लोकांनी ओळखायचं कसं? देणगीदाराला आपला पैसा कुठे गेला हे कळायला हवं. याच गरजेतून पुढे एक वेगळी चाल पडली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांच्या पत्रिका हाडं निघालेल्या मुलांची छायाचित्रं छापत, शेजारी तेच मूल काही महिन्यांनी गुटगुटीत झालेलं. त्याने पैसा आला आणि पोरं वाचली, हे खरंच आहे. पण त्या मुलांचं उघडं अंग सातासमुद्रापार कुणाच्या बैठकीच्या खोलीत पोहोचलं, त्याला त्यांचं हो-नाही कुणी विचारलेलं नव्हतं. आजही देणगीच्या आवाहनात ती जोडीची छायाचित्रं दिसतात, फक्त कागद गुळगुळीत झाला आहे. फुल्यांच्या निवेदनातला आकडा मला इथे जास्त शहाणा वाटतो. ३५ आल्या, ५ जगली, ३० गेली. यशाची जाहिरात करायची असती तर हा हिशेब कुणी दिला नसता. संस्थेचं अपयशसुद्धा त्यात स्वच्छ दिसतं आणि एकही बाई दिसत नाही. संस्थेने स्वतःबद्दल सगळं सांगावं आणि आलेल्यांबद्दल काहीच नाही, हे एकाच वेळी जमतं याचा तो आकडा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप मात्र अवघड आहे, आणि तो मुलाचा. आईने आपलं नाव न सांगण्याचा हक्क बजावला, पण त्या नावावर मुलाचाही काही हक्क होता. लंडनमध्ये टॉमस कोरम यांनी १७३९ मध्ये सनद मिळवलेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलने यावर एक तोड काढली होती: मुलाला नवीन नाव द्यायचं, पण आईने सोडलेली खूण, कापडाचा तुकडा किंवा मोडकं नाणं, कागदासोबत बांधून ठेवायची. ती कधी परत आलीच तर खुणेवरून मूल ओळखता यावं. मुलाला मात्र ती खूण दाखवत नसत. फुले दांपत्याने अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. त्याचा जन्म त्यांनी लपवला नाही. आपल्या घरातली गोष्ट सांगायची की नाही हे घरच्यांनी ठरवलं. इतरांच्या मुलांबद्दल तो अधिकार त्यांनी घेतला नाही. हा फरक आजही बऱ्याच कार्यकर्त्यांच्या ध्यानात राहत नाही.

आताचा कायदा या ओढाताणीत मधोमध उभा आहे. मूल संस्थेकडे द्यायचं तर बाल कल्याण समितीपुढे ते स्वाधीन करावं लागतं, फेरविचाराला ६० दिवस मिळतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवला, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला पालकत्वासाठी मुलाच्या बापाचं नाव सांगायला भाग पाडता येणार नाही असा निवाडा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यासाठी जो इंग्रजी शब्द योजला, त्याचा साधा मराठी अर्थ विश्वस्त असाच होतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांची माणसं १९५० च्या कायद्यापासून स्वतःला विश्वस्तच म्हणवतात. आजवर तो शब्द पैशाअडक्यापुरता आणि जमिनीपुरता होता, एवढंच. उलट बाजूला, महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं आणि त्यासाठी अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. रजिस्टरातली कोरी जागा, जी कधीकाळी आईला वाचवण्यासाठी कोरी ठेवली गेली, तीच आता मुलाला शिक्क्यानिशी सिद्ध करून दाखवावी लागते.

आणि मूळ शोधायला आलेल्या मुलांचं काय? दत्तक नियमांनी त्यांना मोठेपणी विचारायची मुभा दिली आहे, पण आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यायची. नियम वाचायला न्याय्य आहे. आता तो पाळायचा कसा ते बघा. बाईचं लग्न झालेलं असतं, सासरी कुणाला काही माहीत नसतं, पोस्टमन पत्र दारातल्या कुणाच्याही हातात देतो. तिला काही विचारायचं तर आधी तिच्यापर्यंत पोहोचायला हवं, आणि पोहोचणं हीच फितुरी ठरू शकते. फुल्यांनी संस्थेचा कागद कोपऱ्याकोपऱ्यावर सगळ्यांना दिसेल असा डकवला होता. इथे संस्थेचं नाव छापलेलं पाकीट चालणार नाही, साधं कोरं घ्यावं लागेल, पत्ता बाईमाणसाच्या अक्षरात हवा, आणि आत एवढंच लिहिता येईल की सवडीने या नंबरवर फोन करा.